बोलेरो नको, तपासणी द्या

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची जीप सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली. भंगारातले भाग जमवून, साठ हजारांच्या आसपास खर्चात, मुलाच्या हौसेसाठी बनवलेली छोटी गाडी. स्टिअरिंग डावीकडे, आणि सुरू करायची ती दुचाकीसारखी किक मारून. आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. तिच्या बदल्यात मी बोलेरो देतो, आणि तुमची गाडी आमच्या संशोधन केंद्रात ठेवतो. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

त्या देवाणघेवाणीबद्दल माझी तक्रार नाही. महिंद्रांनी मोठं मन दाखवलं आणि एका कष्टाळू घराला चांगली गाडी मिळाली. माझं भांडण आहे ते त्या प्रसंगाचा दाखला देऊन आजही केल्या जाणाऱ्या युक्तिवादाशी. घरी बनवलेली मोटार ही कौतुकाची वस्तू आहे, तिला हार घाला, तिच्याबरोबर फोटो काढा, पण रस्ता तिच्यासाठी नाही. रस्त्यावर यायचा हक्क फक्त कारखान्यातून आलेल्या गाडीला, आणि ते तसंच असलं पाहिजे, असा तो युक्तिवाद. पवईत मी तो चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकतो. त्यातले काही स्वतः इंजिनिअर आहेत. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र चांदिवलीच्या एका गाळ्यात गाडी बांधतो आहोत हे कळलं की पहिला प्रश्न येतो, "पासिंग कसं करणार?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य येतं, "होणार नाही. आणि होऊही नये."

"होणार नाही" हे आजच्या घडीला खरं आहे. "होऊही नये" हे मला मान्य नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण यावर बोलणाऱ्या बहुतेकांनी तो वाचलेला नसतो. मोटार बांधायला बंदी नाही. आपल्या जागेत तुम्ही हवी तशी गाडी बांधा. अडतं ते सार्वजनिक रस्त्यावर. नोंदणीशिवाय तिथे गाडी चालवता येत नाही, आणि नोंदणीच्या अर्जाला फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी नियमांप्रमाणे बनली असल्याचा उत्पादकाचा दाखला जोडावा लागतो. दोन मित्रांनी बांधलेली गाडी कुणी विकलेली नसते, आणि ते दोघे कायद्याच्या हिशेबात उत्पादकही नसतात. उत्पादक व्हायचं, तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम समोर येतो: गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्या. मोटारीच्या बाबतीत या तपासणीत समोरून धडक देण्याची चाचणीही आली. कंपनीला हजारो गाड्या विकायच्या असतात, त्यामुळे एखाददुसरी आपटून मोडली तरी तो खर्च वसूल होतो. आमच्याकडे गाडीच एक आहे. ती चाचणीत मोडली तर नोंदणी कशाची करायची? नियम लिहिणाऱ्यांनी आमच्यासारख्यांना मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. नियम लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त कारखाना होता, एवढंच.

मग हितचिंतक सल्ला देतात की जुन्या गाडीचं आरसी बुक वापरा, चॅसी नंबर नव्या सांगाड्यावर ठोका, कोण बघतंय? ही फसवणूक आहे, आणि आम्ही ती करणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. माझ्या टीकाकारांनी इथे थोडं थांबावं. प्रामाणिक माणसाला सरळ वाट नाही आणि अप्रामाणिक माणसाला वाकडी वाट मोकळी आहे, अशी आजची व्यवस्था आहे. घरगुती गाड्या रस्त्यावर येतच नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात जाऊन तिथल्या जीप बघाव्यात. चॅसी कापून आखूड केलेल्या, इंजिन बदललेल्या, कधीच कुणी न तपासलेल्या. बंदीमुळे त्या नाहीशा झाल्या नाहीत. त्यांची तपासणी तेवढी होत नाही.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. तो खरा मुद्दा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. प्रतिपक्ष म्हणतो, कंपनीच्या गाडीमागे शेकडो इंजिनिअर असतात, प्रयोगशाळा असते. तुमच्या गाळ्यात काय आहे? हे ऐकताना मला २०१४ चा जानेवारी आठवतो. ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक चाचणी केली: मारुती आल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. एअरबॅग नसलेल्या त्या मॉडेलना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. सगळ्या गाड्यांना सरकारी मान्यता होती, सगळ्यांना पासिंग होतं, आणि लाखो कुटुंबं त्यांतून फिरत होती. धडकेचे नियम नव्या मॉडेलना लागू झाले ऑक्टोबर २०१७ पासून, बाकीच्या गाड्यांना त्यानंतर दोन वर्षांनी. तोपर्यंत ज्या कारखान्यांवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांना सुधारलं ते बाहेरून केलेल्या तपासणीने आणि तिच्यामागून आलेल्या नियमाने. कारखान्याला जे लागू पडलं ते गाळ्यालाही लागू पडेल. मी तपासणीच मागतो आहे.

२०२२ साली भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालानुसार त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू वेगमर्यादा ओलांडल्यामुळे झाले. मृतांपैकी साधारण चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. दुचाकीला ना पिंजरा, ना पट्टा, ना दरवाजा. तरीही तिची नोंदणी होते, आणि व्हायलाच हवी, कारण तिच्यावर या देशाची भाकरी चालते. म्हणजे चालवणाऱ्याने स्वतःपुरता जास्त धोका पत्करणं राज्याला तत्त्वतः अमान्य नाही. लोखंडी पाइपचा सांगाडा, डोक्यामागे रोल बार आणि नीट बसवलेले पट्टे असलेली दोन माणसांची गाडी त्या दुचाकीपेक्षा आतल्यांसाठी जास्त धोकादायक आहे, असं कुणी सिद्ध करून दाखवावं. रस्त्यावरच्या इतरांना होणारा धोका मात्र वेगळा आहे. माझे ब्रेक लागले नाहीत तर मरेल तो साकीविहार रोड ओलांडणारा शाळकरी मुलगा. त्याच्या जिवावर माझी हौस चालता कामा नये. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धारदार कडा आणि धूर या गोष्टींची कसून तपासणी हवी. पण ही तपासणी गाडी न मोडता होते. एकुलती एक गाडी एका दिवसात अशी तपासता येते, आणि जगात ती रोज तपासली जाते.

ब्रिटनमध्ये हे नेमकं कसं चालतं ते सांगतो. तिथे १९५७ साली लोटस कंपनीने 'सेव्हन' ही हलकी, उघडी गाडी आणली आणि ती सुट्या भागांच्या संचातही विकली. त्या काळी तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून हजारो लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये ती जोडली. १९७३ मध्ये ती करसवलत गेली, त्याच वर्षी गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि घरी गाडी बांधायची प्रथा मात्र टिकली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हे शिकवणारं पुस्तक आलं आणि संचही लागेनासा झाला: एक इंचाचे चौकोनी पाइप, एक जुनी फोर्ड आणि एक वेल्डिंग मशीन पुरे. तिथल्या सरकारने यावर बंदी घातली नाही. १९९८ मध्ये एकेका गाडीच्या तपासणीची पद्धत सुरू केली आणि २००९ मध्ये ती आणखी कडक केली. तुम्ही गाडी स्वतः, धंद्यासाठी नाही तर स्वतःसाठी बांधली हे बिलं आणि फोटो देऊन दाखवायचं. मग सरकारी परीक्षक गाडी तपासतो. पट्टे कुठे आणि कसे जखडलेत, ब्रेक प्रत्येक चाकावर किती लागतो, आरशातून काय दिसतं, स्पीडोमीटर खरा बोलतो का, आवाज किती, धूर किती. बाहेरून हात लागू शकेल अशा प्रत्येक कडेला किमान अडीच मिलिमीटरची गोलाई हवी, म्हणजे पादचाऱ्याला ती कापणार नाही. नापास झालात तर कारणांची यादी मिळते, सुधारून परत या.

"ते परदेशात चालतं" हे उत्तर मला ठाऊक आहे. म्हणून पवईतच राहू. आयआयटी मुंबईच्या रेसिंग टीमचे विद्यार्थी वर्षानुवर्षं या आवारात स्वतःच्या हातांनी एकेक गाडी बांधतात. त्यांच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या इंग्लंडला, सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेला जाऊन आल्या. त्या स्पर्धेत धावपट्टीवर पाऊल ठेवण्याआधी गाडी तपासणीतून जाते, आणि ही तपासणी आमच्या आरटीओत होणाऱ्या कोणत्याही तपासणीपेक्षा कठोर असते. गाडी साठ अंशांत कलती करून उलटते का बघतात. जोरात धावताना ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम थांबली पाहिजेत. विजेच्या गाडीवर पाण्याचा फवारा मारून गळती शोधतात. चालकाने पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर यायचं. एकुलत्या एक, विद्यार्थ्यांनी वेल्ड केलेल्या गाडीची अशी परीक्षा घेता येते, आणि ती घेणारी माणसं आपल्याकडेही आहेत. सुप्रा आणि बाहा या एसएई इंडियाच्या स्पर्धा त्यांच्याच भरवशावर चालतात. मग आयआयटीच्या फाटकाच्या आत जे अभिमानाचं काम आहे ते फाटकासमोरचा रस्ता ओलांडल्यावर वेडगळ कसं ठरतं? जे मला "आयआयटीत जाऊन करायचं होतं" असं सुनावतात, त्यांना मी हेच विचारतो. हात काळे करून शिकायचा हक्क प्रवेश परीक्षेच्या गुणांवर ठरवायचा का? साकीनाक्याच्या लेथवर उभा राहणारा टर्नर, आयटीआय करून गॅरेजमध्ये लागलेला फिटर, देवराष्ट्रेचा लोहार, यांना कोणती टीम घेणार आहे?

आणि ज्यांना वाटतं की आपल्या सरकारी यंत्रणेला घरी बनलेली यंत्रं तपासणं झेपणार नाही, त्यांनी कांदिवलीला चारकोपपर्यंत जावं. तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीच्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना दिला, आणि २०२० मध्ये धुळ्यात ते हवेत उडालं. वाट सोपी नव्हती, वर्षं गेली, कागदांचे ढीग झाले. पण शेवटी वाट निघाली, कारण विमानांच्या नियमांत हौशी माणसाने बांधलेल्या प्रायोगिक विमानाला एक खाना आहे. मुंबई उपनगरातल्या गच्चीवर बांधलेलं विमान आकाशात जाऊ शकतं, आणि त्याच उपनगरातल्या गाळ्यात बांधलेली दोन माणसांची मोटार जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर येऊ शकत नाही. सुरक्षिततेच्या कोणत्या हिशेबाने हे बरोबर ठरतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

याहून जवळचे दाखलेही आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरात व्हीए अक्षरं, नोंदणी शुल्क वीस हजार, आणि वापर फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा मोजक्या कामांसाठी. त्या गाड्यांना एअरबॅग नाहीत, धडक चाचणी नाही, कित्येकांना पट्टेसुद्धा नाहीत. सरकारने त्यांचं मोल ओळखलं आणि मर्यादा घालून वाट दिली. उत्तम केलं. त्याआधी २०१८ मध्ये परदेशी कंपन्यांना वर्षाला अडीच हजारपर्यंत गाड्या भारतात पुन्हा तपासणी न करता आणायची मुभा मिळाली. त्या गाड्या युरोप किंवा जपानच्या मानकांनुसार तपासलेल्या असतात, त्यामुळे ती सूट निराधार आहे असं मी म्हणत नाही. पण या दोन्ही निर्णयांवरून एक गोष्ट उघड होते. वेगळ्या प्रकारच्या गाडीसाठी वेगळा नियम करणं आपल्या मंत्रालयाला जमतं. मोटार म्हणजे एकच साचा, अपवाद अशक्य, हा दावा मंत्रालयाने स्वतःच मोडून काढला आहे.

"ही पाश्चात्त्यांची हौस, आपली नाही," असंही म्हणतात. मुंबईने मोटार बनवायला सुरुवात केली तीच पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीत ते काम सुरू केलं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलिस जीपचे भाग मुंबईतच जोडले, आणि प्रीमियरने कुर्ल्यात आधी अमेरिकी गाड्या आणि मग फियाट. पवईहून कुर्ल्याला एलबीएस मार्गाने जाताना मला नेहमी ते आठवतं, की ज्या पद्मिनीने या शहराची टॅक्सी म्हणून तीन-चार दशकं वाहतूक केली ती या जोडकामातून वाढली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी तर मारुतीच्या कितीतरी आधी आपल्या छोट्या 'मीरा' मोटारीचे एकामागून एक नमुने बांधत होते. त्यांच्यामागे कारखाना उभा राहिला नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने त्याच लोटस सेव्हनच्या घाटाची गाडी बनवली, अँबेसेडरमध्ये असायचं ते १८०० सीसीचं इसुझू इंजिन घालून. ही परंपरा मराठी मुलखातलीच आहे, फक्त तिची नोंद आपण ठेवत नाही.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण टीका करणाऱ्यांनी असं काम जवळून पाहिलेलं नसतं. सांगाडा पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी एमएस पाइपचा, भिंत १.६ मिलिमीटर. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल जुन्या ओम्नीचा, कारण ओम्नीचं इंजिन उभं बसतं आणि जोर मागच्या चाकांना जातो, असल्या गाडीला तेच सोयीचं. पाइप कापून आधी फक्त टॅक मारायचे, मग कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण जुळले नाहीत तर टॅक तोडून पुन्हा. पूर्ण वेल्डही एका बाजूने ओढत नेता येत नाही. थंड होताना लोखंड आवळतं आणि चौकट वाकते, म्हणून एकदा इथे तर एकदा समोरच्या कोपऱ्यात. यातलं बरंचसं आम्हाला शेजारच्या गाळ्यातल्या एका वयस्क टर्नरने शिकवलं. बुश किती घट्ट बसावा हे तो बोटाने सांगतो, मग आम्ही व्हर्निअरने मोजतो, आणि बहुधा त्याचं बोट बरोबर असतं.

हे एकट्याने करायचं काम नाही, आणि सुरक्षिततेबद्दल बोलणाऱ्यांनी हा भाग ऐकायला हवा. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून ब्लीडर सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, ब्लीडर आवळायचा, आणि "सोड" म्हटल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत जाते आणि ब्रेक स्पंजसारखा लागतो. आमच्यात पहिल्यापासून ठरलंय की ज्याने नट आवळला त्याने त्यावर रंगाची खूण करायची नाही. खूण दुसऱ्याने, स्वतः पाना लावून बघितल्यावर. मित्राची चूक मित्राला सांगणं सोपं नसतं, आणि गाडी बांधताना ते रोज करावं लागतं. सस्पेन्शनचा एक ब्रॅकेट त्याने मला दोनदा कापून नव्याने करायला लावला. वेल्डचा मणी वरून छान दिसत होता, आत लोखंड एकजीव झालेलं नव्हतं. कारखान्यात याला क्वालिटी विभाग म्हणतात. आमच्याकडे तो विभाग म्हणजे एक माणूस आहे, आणि शेजारच्या सीटवर तोच बसणार आहे.

अशा कामाच्या आवाजाबद्दल आणि ठिणग्यांबद्दल शेजारी तक्रार करतात, तेव्हा मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या गाड्यांच्या रांगेत ग्राइंडरच्या ठिणग्या उडवणं हा गुन्हा आहे. रात्री अकराला चॅनेलवर हातोडा मारणंही. औद्योगिक गाळे याच कामासाठी आहेत. चांदिवली, साकीनाका, मरोळला ते अजून मिळतात, भाडी वाढत चालली असली तरी. "श्रीमंतांचे चोचले" हा आरोपही या गाळ्यांत टिकत नाही. आमचा खर्च चांगल्या नव्या मोटारसायकलच्या आसपास जाईल, आणि देवराष्ट्रेच्या जीपचा त्याहून कितीतरी कमी होता. मोठी किंमत मोजावी लागते ती वेळेची. आठवडाभर नोकरी करून रविवार लेथसमोर घालवणारा माणूस चैन करत नसतो.

धुराबद्दल विचारणाऱ्यांनाही मी टाळत नाही. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झालं. घरगुती गाडीलाही तीच अट लावा: इंजिन, त्याचा संगणक आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे सगळं मान्यताप्राप्त गाडीतून जसंच्या तसं आलेलं असावं, त्यात फेरफार नको. आमच्या ओम्नीचं इंजिन या अटीत बसणार नाही, ते काढून दुसरं घालावं लागेल. पुन्हा माउंटिंग, पुन्हा वायरिंग, पुन्हा एक्झॉस्ट. तरीही ही अट मला मान्य आहे.

टीकाकारांइतकाच माझा वाद कौतुक करणाऱ्यांशीही आहे. देशी जुगाड म्हणून टाळ्या वाजवणारे लोहारांच्या जीपवर प्रेम करतात, पण त्या जीपचे वेल्ड तपासावेत, तिच्या ब्रेकला गुण द्यावेत असं त्यांना वाटत नाही. जो कारागीर आहे त्याला परीक्षा हवी असते. पास झालो तर माझा दाखला द्या, नापास झालो तर काय चुकलं ते सांगा. बोलेरोने त्या माणसाच्या घरची गरज भागवली. त्याने बनवलेल्या गाडीत काय बरोबर होतं आणि काय चुकलं होतं, याची तपासणी करून द्यायची सोय मात्र आजही कोणत्याही सरकारी कार्यालयात नाही.

ती सोय करायला नवा कायदा लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात २ब हे कलम आलं आहे. वाहन अभियांत्रिकीतल्या नवोपक्रमाला आणि संशोधनाला चालना देण्यासाठी केंद्र सरकार ठरावीक प्रकारच्या वाहनांना अटी घालून कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकतं. या कलमाखाली एक अधिसूचना काढावी. धंद्यासाठी नाही, स्वतःसाठी बांधलेली गाडी. एका माणसाच्या नावे एकच. काही वर्षं विकायला बंदी. बांधकामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो आणि बिलं. तृतीय पक्ष विमा सक्तीचा. व्हीएसारखी वेगळी अक्षरं असलेला नंबर, म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसाला आणि इतर चालकांना ही कोणती गाडी आहे ते दिसेल. सुरुवातीला द्रुतगती मार्गांवर बंदी. तपासणी पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटीमध्ये आणि अहिल्यानगरच्या व्हीआरडीईमध्ये व्हावी. नियम १२६ खालच्या या संस्था आपल्याच राज्यात आहेत. फी कमी असण्याची गरज नाही, फक्त एका माणसाला परवडेल एवढी असावी. पहिल्या वर्षी देशभरातून पन्नास गाड्यांनाच मुभा द्या आणि किती पास झाल्या, किती नापास, कशात नापास, हे जाहीर करा. आकडे वाईट आले तर योजना बंद करा, मी विरोध करणार नाही.

रस्ते वाहतूक मंत्रालय २०१४ पासून नितीन गडकरींकडे आहे. व्हीए नोंदणी त्यांच्याच काळात आली. तिच्या मसुद्यात "पन्नास वर्षांपेक्षा जुनी" याजागी "स्वतः बांधलेली" असं लिहून, आणि वर सांगितलेली तपासणी जोडून, नवा मसुदा तयार होऊ शकतो. तो हरकतींसाठी जाहीर झाला तर "होऊही नये" म्हणणाऱ्यांनी आपल्या हरकती जरूर पाठवाव्यात. ब्रेकचा कोणता निकष अपुरा आहे, पट्ट्याची कोणती चाचणी कमी पडते, हे मुद्देसूद लिहून पाठवावं. त्या हरकतीतून निकष कडक होणार असतील तर ते आम्हाला हवेच आहेत.